गोव्यात टीप कुणाला, किती आणि कशी द्यावी: नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगली-कोल्हापूरहून नाहीतर पुण्याहून कुणी गोव्याला यायला निघालं की मला फोन येतो. हॉटेल कुठलं, मासे कुठे चांगले, हे सगळं विचारून झालं की शेवटी हळूच प्रश्न येतो, "ताई, तिकडे टीप किती देतात गं?" आपल्याकडे या विषयावर मोकळेपणाने कुणी बोलत नाही. मग शेवटच्या दिवशी घाई होते, सुटे नसतात, आणि ज्याने चार दिवस बॅगा उचलल्या त्याला काही न देताच गाडी निघते.

कळंगुटच्या पट्ट्यातल्या एका हॉटेलात मी सात सिझन रिसेप्शनवर काम केलं. टीपची पेटी दर शनिवारी रात्री उघडायची, नोटा सरळ करायच्या आणि सगळ्यांना वाटायच्या, हे काम माझ्याकडे होतं. ते पैसे कुठे जातात हे मी जवळून पाहिलंय, म्हणून हे नीट लिहावंसं वाटलं. खाली दिलेल्या रकमा माझ्या अंदाजाच्या आहेत. आपल्या खिशाप्रमाणे त्यात कमी-जास्त करा.

आधी पाहा, समोर मालक आहे की कामगार

गोव्यात ही पहिली पायरी. ती चुकली की पुढचं सगळं अवघडल्यासारखं होतं.

इथले कितीतरी छोटे धंदे घरचे असतात. खानावळ घराच्या पुढच्या खोलीत, होमस्टे मागच्या अंगणात, नाव चालवणाराच नावेचा मालक. मी नवीन असताना फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेले होते. चार टेबलांची खानावळ. शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, तळलेला बांगडा, सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर. सत्तरीतल्या बाईंनी स्वतः वाढलं, दोनदा कडी घातली. बिलाच्या बशीत पन्नासची नोट ठेवून मी उठले. त्या गेटपर्यंत मागे आल्या, नोट माझ्या मुठीत दाबली आणि म्हणाल्या, "बाय, हें म्हजें घर." रागावल्या नव्हत्या, पण ती नोट त्यांना टोचली होती. पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांच्या हातच्या मिस्कुटाची, म्हणजे आंब्याच्या लोणच्याची, एक बाटली विकत मागितली. केवढा आनंद झाला त्यांना!

तेव्हापासून मी एवढंच बघते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला, घरच्या माणसांना टीप देऊ नये. त्यांचे आभार मानावेत, जेवण आवडलं असं सांगावं, जमलं तर काहीतरी विकत घ्यावं. जो पगारावर वाढतो, उचलतो, पुसतो, गाडी चालवतो, त्याला टीप द्यावी. ओळखता येत नसेल तर सरळ विचारा, "हे तुमचंच हॉटेल का?" या प्रश्नाचं कुणाला वाईट वाटत नाही.

मोठ्या शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाण्याच्या मांडवांत, आणि हॉटेलांत काम करणारी पोरं बहुतेक बाहेरची असतात. ओडिशा, झारखंड, आसाम, उत्तर प्रदेश, कर्नाटक, नेपाळ. पावसाळा संपला की शॅक उभे राहतात आणि पुढचा पावसाळा यायच्या आत उतरवले जातात. म्हणजे कमाईचे महिने मोजके. राहणं-जेवण मालकाकडे, पगार घरी पाठवायचा आणि हातखर्च टीपवर, असं गणित मी वर्षानुवर्षं पाहिलं.

सुट्यांची सोय निघतानाच करा

दहाच्या, वीसच्या आणि पन्नासच्या नोटा घरून निघतानाच वेगळ्या पाकिटात ठेवा. चार दिवसांच्या सहलीला दीड-दोन हजारांचे सुटे पुरतात. गोव्यात पोचल्यावर सुटे शोधत फिरणं कठीण. कदंबच्या, म्हणजे इथल्या सरकारी, बसचा कंडक्टरसुद्धा आधी सुटेच मागतो.

आता सगळे मोबाइलवरून पैसे देतात, त्यामुळे टीपही त्याच बिलात वाढवून दिली जाते. इथे थोडं थांबा. काउंटरवरचा क्यूआर मालकाच्या खात्याचा असतो. तिथे दिलेले जास्तीचे शंभर रुपये त्या मुलापर्यंत पोचतीलच असं नाही. काही ठिकाणी प्रामाणिकपणे हिशोब ठेवतात, काही ठिकाणी ते गल्ल्यात मिसळून जातात. रोख नसेल तर त्या मुलालाच विचारा, "तुझा स्वतःचा नंबर आहे का?" बहुतेकांकडे असतो.

उतरल्यापासून मुक्कामापर्यंत

मडगाव, थिवी किंवा करमळीला रेल्वेने उतरलात आणि हमाल केला, तर बॅग उचलायच्या आधी मजुरी ठरवा. ठरल्याप्रमाणे दिली की वेगळी टीप लागत नाही. जिना चढून अवजड सामान नेलं असेल तर वीस रुपये वर द्या. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर प्रीपेड टॅक्सी घेतली तर भाडं आधीच भरलेलं असतं. ड्रायव्हरने सामान चढवलं, उतरवलं, रात्री-अपरात्री आडबाजूचं घर शोधून दिलं, तर पन्नास ते शंभर रुपये योग्य. नुसतं नेऊन सोडलं तर काही दिलं नाही तरी चालतं.

गोव्याचे पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरून माणसं नेणारे. पणजीच्या बसस्थानकाबाहेर, मडगावला, म्हापशाला त्यांचे स्टँड आहेत. एकट्या माणसाला ही फार सोयीची गोष्ट. भाडं बसायच्या आधी विचारून घ्या आणि उतरताना वरचे पाच-दहा परत मागू नका. एवढी टीप तिथे पुरे.

बिल आलं की आधी वाचा

जेवणाच्या बिलाकडे जरा सविस्तर वळते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

बिलात जेवणाची रक्कम असते आणि त्याखाली कर. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के असतो. दारूला जीएसटी नाही, तिच्यावर व्हॅट असतो, म्हणून बिअरची ओळ वेगळी दिसते. हे सगळं सरकारकडे जातं, त्यातला रुपयाही वेटरला मिळत नाही. "एवढा टॅक्स घेतलाय, आता टीप कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

यानंतर 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ आहे का ते पाहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने हा आकार आपणहून बिलात लावायचा नाही, दुसरं नाव देऊनही लावायचा नाही, द्यायचा की नाही ते ग्राहकाने ठरवायचं, असं त्यात स्पष्ट आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. त्यामुळे तो काढून टाका म्हणून सांगायचा हक्क तुम्हाला आहे. काढत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अकराजण एका शॅकवर जेवलो. बिलाच्या तळाला 'स्टाफ वेल्फेअर' म्हणून दहा टक्के लावलेले. माझा भाऊ आवाज चढवणार होता. त्याला थांबवलं आणि वाढणाऱ्या पोराला बाजूला विचारलं, "हे पैसे तुम्हाला मिळतात?" तो नुसता हसला. मॅनेजरला शांतपणे म्हटलं, "ही ओळ काढा, आम्ही मुलांना हातात देणार आहोत." त्याने काढली. आम्ही तेवढीच रक्कम दोघा पोरांना दिली. भांडायची वेळच आली नाही. मात्र ही ओळ काढायला लावून नंतर काहीच न देता उठणं मला पटत नाही.

रक्कम किती? शॅक आणि रेस्टॉरंटमध्ये बिलाच्या पाच ते दहा टक्के. बाराशेच्या बिलावर शंभर, चार हजारांच्या बिलावर अडीचशे-तीनशे. मोठा घोळका असेल, लहान मुलांनी भात सांडला असेल, कुणी शिवराक, म्हणजे शाकाहारी, तर कुणी मासे खाणारा अशी दहा वेळा ऑर्डर बदलली असेल, तर दहा टक्क्यांच्या खाली येऊ नका. शॅकच्या पलंगावर दिवसभर पडून राहिलात, पोरं तापलेल्या वाळूतून ताटं आणत राहिली, पाण्यात गेलात तेव्हा तुमच्या पिशव्यांवर लक्ष ठेवलं, त्याचे पन्नास-शंभर वेगळे.

साध्या खानावळीत, जिथे थाळी खाऊन माणसं ऑफिसला परततात, तिथे टक्के मोजायचे नाहीत. दहा-वीस रुपये पुरेत. उडप्याच्या हॉटेलात आणि चहाच्या गाड्यावर काही नाही.

एक गोष्ट आतली आहे. बऱ्याच ठिकाणी टीपची पेटी असते. तिच्यातले पैसे स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांत वाटले जातात. वाढणाऱ्याने खास लक्ष दिलं असेल तर त्याच्या हातात द्या. जेवण अप्रतिम झालं असेल तर पेटीत टाका, कारण आचाऱ्याचं आणि भांडीवाल्याचं तोंड तुम्हाला दिसत नाही. आमच्याकडे भांडी घासायला एक बिजापूरकडचे काका होते. सहा महिन्यांत एकाही पाहुण्याने त्यांना पाहिलं नव्हतं. शनिवारच्या वाटणीतले दोन-अडीचशे रुपये मिळाले की नोटा आधी कपाळाला लावायचे.

हॉटेलच्या खोलीत

बॅगा वर आणून देणाऱ्याला पन्नास रुपये, बॅगा फार असतील तर शंभर. त्याने एसी, गीझर दाखवला म्हणून दाराशी उभा राहिला तर 'हा टीपसाठी थांबलाय' असा चेहरा करू नका. ते दाखवणं त्याच्या कामाचाच भाग आहे.

खोली साफ करणाऱ्यांना मात्र बहुतेक पाहुणे विसरतात, कारण तुम्ही समुद्रावर असता तेव्हा त्या येऊन जातात. वाळूने भरलेलं बाथरूम, ओले टॉवेल, उशीवर तेलाचे डाग. दिवसाला पन्नास रुपये ठेवाच, कुटुंब मोठं असेल तर शंभर.

हे पैसे कसे ठेवायचे ते नीट वाचा. माझ्या सात वर्षांत पाहुणे उशीखाली, टेबलावर नोटा ठेवून जायचे आणि मुली त्या रिसेप्शनवर आणून जमा करायच्या. खोलीत सापडलेला पैसा पाहुण्याचा राहून गेलेला समजायचा, तो घेतला तर चोरीचा आळ येतो, म्हणून त्या हातच लावायच्या नाहीत. आम्ही वहीत नोंद करायचो, पाहुण्यांना फोन करायचो, बरेचजण उचलायचेच नाहीत. तेव्हा नोटेसोबत एक चिठ्ठी ठेवा, 'खोली साफ करणाऱ्या ताईंसाठी' एवढंच लिहून. आणि रोजचं रोज ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम तीनशे ठेवले तर त्या दिवशी ड्यूटीवर असलेलीलाच ते मिळतात. तीन दिवस राबलेली साप्ताहिक सुटीवर असू शकते.

होमस्टेमध्ये मालकीणबाईंना टीप द्यायची नाही, पण झाडलोट करायला येणारी बाई असेल तर निघताना तिला शंभर-दोनशे द्या. मालकीणबाईंना आधी कल्पना द्यावी, म्हणजे गैरसमज होत नाहीत.

गाडी, जीप, नाव, कुळागर

दिवसभरासाठी गाडी केली आणि ड्रायव्हरने जुने गोवे, मंगेशी, मिरामार असं सगळं दाखवून वेळेत परत आणलं, तर दोनशे-तीनशे रुपये. दुपारी तुम्ही जेवायला बसाल तेव्हा "तुम्ही जेवलात का?" एवढं विचारा. त्याच्या जेवणाचं आधी ठरवलं नसेल तर त्याचे पैसे तुम्हीच दिलेले चांगले. काजूच्या एखाद्या दुकानासमोर त्याने आपणहून गाडी थांबवली तर तिथे त्याला कमिशन असू शकतं. घ्यायचं नसेल तर नाही म्हणा, त्यात त्याचा अपमान नाही.

दूधसागरला कुळ्याहून जीपने जातात. जीपचे आणि लाइफ जॅकेटचे पैसे काउंटरवर भरायचे असतात. रस्ता ओढ्यांतून जातो आणि गाडी चालवणं खरंच कसबाचं आहे. सगळ्यांनी मिळून जीपमागे दोनशे रुपये द्यावेत, परत कुळ्याला उतरल्यावर. वाटेतच कुणी मागितले तर "उतरल्यावर देऊ" म्हणा. मागितलेली टीप घाबरून देऊ नये.

फोंडा भागातल्या मसाल्याच्या बागांना इथे कुळागर म्हणतात. वेलदोडा, मिरीचा वेल, जायफळ दाखवत फिरवणारी मुलं मनापासून माहिती सांगतात. त्यांना कुटुंबामागे पन्नास-शंभर. सुपारीच्या पोफळीवर सरसर चढून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारा गडी दिसला आणि त्याचा व्हिडिओ काढलात, तर त्यालाही द्या. त्याचा जीव टांगणीला असतो.

डॉल्फिन दाखवायला नेणारा नावाडी मालक असेल तर ठरलेले पैसे बस. पगारी पोऱ्या असेल तर पन्नास. डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून पैसे कापू नका, समुद्र त्याच्या हातात नाही.

देवदर्शनाला आलात तर

महाराष्ट्रातली शेकडो घराणी कुलदैवतासाठी गोव्यात येतात. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, नागेशी, रामनाथी, सगळी फोंड्याच्या आसपास. इथे टीप हा शब्द तोंडातही येऊ नये. तिथे असते ती दक्षिणा.

आधी देवस्थानच्या कार्यालयात जा, अभिषेक किंवा पूजा सांगा, पैसे भरा आणि पावती घ्या. हे पैसे देवस्थानचे. पूजा झाल्यावर पुरोहितांना दक्षिणा वेगळी, यथाशक्ती, एकावन्न किंवा एकशे एक. नमस्कार करून ताम्हणात किंवा हातात द्यावी. मोठं अनुष्ठान असेल तर दक्षिणेचं आधीच विचारून घ्या, ते मोकळेपणाने सांगतात. काही न देता नुसतं दर्शन घेऊन आलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

देवस्थानच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तांच्या राहण्याच्या खोल्यांत, उतरलात तर खोलीचं भाडं कार्यालयात. मात्र खोली झाडणारी, पाणी तापवून देणारी माणसं पगारी असतात. त्यांना निघताना पन्नास-शंभर द्यायला संकोच नको. दारात अबोलीच्या वेण्या विकायला बसलेल्या बायकांशी घासाघीस करू नका, माझी एवढी विनंती.

जुन्या गोव्यात बाँ जेझू बासिलिकात दानपेटी आहे, द्यायचं ते तिच्यात टाका. आत कुणाच्या हातात पैसे ठेवायचे नाहीत.

जिथे देऊच नये

समुद्रावरचे जीवरक्षक हे पहिले. त्यांनी तुमच्या मुलाला बाहेर काढलं असेल तर हात धरून आभार माना, त्यांच्या वरिष्ठांना नाव घेऊन कळवा. नोट पुढे करू नका. फेरीबोटीवरचे कर्मचारी, कदंबचे कंडक्टर, सरकारी इस्पितळातली माणसं यांनाही टीप नसते. चालत फेरीबोटीत चढणाऱ्याला तिकीटही लागत नाही, तेव्हा कुणी मागितलं तर देऊ नका.

हेल्मेट नाही, कागद नाहीत म्हणून पोलिसांनी अडवलं तर चलान घ्या आणि दंड भरा. तिथे जे हातात सरकवलं जातं त्याला आपल्या भाषेत चिरीमिरी म्हणतात. ती टीप नव्हे, आणि पुढच्या माणसाला ती महाग पडते.

भाड्याची स्कूटर देणारा बहुधा मालकच असतो, त्यालाही नाही.

आणि बोलण्याचं म्हणाल तर "ए, इकडे ये" ही हाक सोडून द्या. पोरगा हिंदी बोलणारा असेल तर "भैया", वयस्क गोवेकर असेल तर "बाब", बाईंना "बाय" किंवा "ताई". टीप देताना टेबलावर फेकू नका, हातात द्या. समोरचा कोकणी असेल तर "देव बरें करूं" म्हणा. कोकणीतला हा धन्यवाद मराठी माणसाच्या तोंडून आला की समोरचा चेहरा फुलतो.

गोव्यात राहायलाच आलात तर

नोकरीसाठी कायमचे येणारे हल्ली पुष्कळ आहेत. सकाळी भोंगा वाजवत पाव आणणाऱ्या पोदेराला रोज टीप नसते. त्याचा महिन्याचा हिशोब थकवू नका, तेच त्याला हवं असतं. नारळ काढायला पाडेली आला तर दर माडामागे ठरतो. वर चहा आणि दोन नारळ मी नेहमी देते. गॅस सिलिंडर घरपोच आणण्याचा आकार बिलातच असतो, जास्तीचे देणं बंधनकारक नाही. तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरून आणला असेल तर मी वीस देते. जेवण घरी आणून देणाऱ्या मुलांना पावसाळ्यात वीस-तीस रुपये हातात द्याच. इथला पाऊस तुम्ही पाहाल तेव्हा कळेल.

आपल्याकडे दिवाळीला पोस्त देतात. गोव्यात हिंदू घरांचा मोठा सण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. ख्रिस्ती घरांचा नाताळ. घरकामाला येणाऱ्या बाईला महिन्याचा पगार पोस्त म्हणून द्यावा, हा बहुतेक घरांतला रिवाज, पण तिचा सण कुठला ते आधी विचारा. आणि चवथीच्या दिवशी देऊ नका, आठ दिवस आधी द्या. गणपतीवर बांधायच्या माटोळीचा बाजार चवथीच्या आधीच भरतो. कांगलां, रानफळं, सुपारीचे घोस, सगळं तेव्हाच विकत घ्यायचं असतं. पहिल्या वर्षी मी लक्ष्मीपूजनाला पाकीट दिलं. आमच्याकडची बाई ते घेऊन म्हणाली, "ताई, चवथीक जाय आशिल्लें." चवथीला हवं होतं. आता श्रावण संपत आला की मी पाकीट काढून ठेवते.